तक्रार द्यायला न आलेली मावशी

निवृत्तीनंतर माणूस बरेच गुन्हे विसरतो. कलमं विसरतो, आरोपींची तोंडं एकमेकांत मिसळतात. पण आजही गंगापूरकडून येणारी काळीपिवळी जीप थांबली आणि तिच्यातून एखादी म्हातारी लुगडं सावरत उतरली, की मी थबकून उभा राहतो आणि तिच्या तोंडाकडे बघतो. बहुतेक वेळा ती दुसरीच कुणीतरी असते. मग मी घरी येतो आणि त्या दिवसभर तेच प्रकरण डोक्यात फिरत राहतं. ते आज सांगतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली काही माणसं अजून याच शहरात राहतात, भाजी घेताना भेटतात.

मी तेव्हा संभाजीनगरच्या आर्थिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. ठाण्यातल्या नोकरीची सवय असलेल्या माणसाला ही शाखा आधी बेचव वाटते. पाठलाग नाही, झटापट नाही. दिवसभर बँकांना पत्रं पाठवायची, उत्तरांची वाट बघायची आणि प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आलेल्या माणसांचं ऐकायचं. तिथं मला एक गोष्ट कळली. ज्याच्या घरी चोरी होते तो पोलिसांकडे रागानं येतो. ज्याची फसवणूक होते तो लाजत येतो. त्याला आपल्याच अकलेची शरम वाटत असते. म्हणून त्याला आधी चहा द्यावा, मग कागद मागावेत.

एके दिवशी सकाळी गारखेड्यातून फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, पण खणखणीत.

"साहेब, आमच्या समोरच्या इमारतीत शेअरवाल्याचं ऑफिस आहे. कालपासून शटर खाली होतं. आत्ता घरमालक आलाय आणि आतले संगणक टेम्पोत भरतोय. भाडं थकलंय म्हणतो. माझे पैसे आहेत हो तिथं. तुम्ही आधी या, तक्रार मी मागून देतो."

बोलणारे एक निवृत्त शिक्षक होते. पुढं सगळा तपासभर आम्ही त्यांना गुरुजीच म्हणालो, म्हणून इथंही तसंच म्हणतो. आमची गाडी पोचली तेव्हा गुरुजी टेम्पोच्या पुढं खुर्ची टाकून बसले होते. "मला उचलल्याशिवाय टेम्पो हलणार नाही," असं त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं होतं. त्यांच्यामुळे पुरावा असलेले ते संगणक वाचले.

ती दलालीची पेढी छोटी होती, पण शेअर बाजाराची स्वतःची सदस्यता असलेली. मालक पंचेचाळिशीचा. गंगापूर तालुक्यातल्या जमीनदार घरचा मुलगा, शहरात शिकला आणि इथंच राहिला. सगळे त्याला भाऊ म्हणत. मी जितक्या लोकांचे जबाब घेतले, त्यांतल्या एकानंही त्याला शिवी दिली नाही. कुणाच्या आईला घाटी रुग्णालयात रात्रभर सोबत केलेली, कुणाच्या मुलीचं प्रवेशाचं काम केलेलं. असा आरोपी तपासाला फार अवघड. लोक त्याच्याविरुद्ध बोलायचं म्हटलं की खाली बघतात.

गुरुजींनी घराच्या दुरुस्तीसाठी शेअर विकले होते. पैसे त्यांच्या खात्यात जमा दिसत होते, पण हातात येत नव्हते. भाऊ रोज "उद्या" म्हणत होता. मग एक दिवस भाऊचा फोन बंद लागला. तोपर्यंत बाजारानं त्याचं सौदे करायचं टर्मिनल बंद केलं होतं, कारण बाजाराकडे भरायची रक्कमच त्याच्याकडे उरली नव्हती.

बँकेची उत्तरं आली तसं चित्र स्पष्ट झालं. ग्राहकांची रोकड ब्रोकरला वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. तिला त्यानं हात लावायचा नसतो. भाऊनं लावला होता. स्वतःच्या नावानं ऑप्शनचे, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर पैज लावल्यासारखे सौदे केले, तोटा आला, तो भरून काढायला आणखी मोठे सौदे केले. जुगाऱ्याची हीच रीत असते, पत्ते असोत की संगणक.

त्याच्या घरी गेलो. बायको सुन्न होऊन बसली होती. दोन शर्ट आणि इन्सुलिनचं पेन घेऊन तो घरातून गेला, एवढंच तिला माहीत होतं. "त्यांना रोज सुई लागते साहेब, आणि औषध थोडंच नेलंय," हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तिला पैशांचं काही माहीत नव्हतं, हे पुढं तपासातही दिसलं.

इकडे आमच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात गर्दी वाढू लागली. तेव्हा माझ्याबरोबर एक तरुण महिला उपनिरीक्षक होत्या. कायद्याचं कलम गावातल्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगायची हातोटी त्यांच्याकडे होती. त्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गिरणीत दळण टाकलं म्हणून ज्वारी गिरणीवाल्याची होते का?"

"नाही," लोक म्हणाले.

"मग तुमचे शेअरही ब्रोकरचे होत नाहीत. ते तुमच्या डीमॅट खात्यात आहेत. त्याचं दुकान बंद झालं तरी ते तिथंच राहतात. स्टेटमेंट काढून तपासा आणि दुसऱ्या ब्रोकरकडे वळवा."

"आणि रोकड?" गुरुजींनी विचारलं. "ती तर त्यानं खाल्ली."

"त्याच्यासाठी बाजाराचा गुंतवणूकदार संरक्षण निधी असतो. ब्रोकरला डिफॉल्टर जाहीर केलं की बाजार जाहिरात देऊन दावे मागवतो. मुदतीत दावा करायचा, बँकेच्या नोंदी आणि सौद्यांच्या पावत्या जोडायच्या. छाननी होते आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे मिळतात. पण घरी बसलात तर कुणी आणून देणार नाही."

मागून एक जण हळूच म्हणाला, "मॅडम, दावा केला तर भाऊवर डाग लागेल. तो येईल परत. त्याला थोडा वेळ देऊ."

आणि गर्दीतल्या निम्म्या माना हलल्या! मी कपाळाला हात लावला. दाव्याची मुदत संपली की या लोकांचं हक्काचं संरक्षण संपणार होतं, आणि ते कशासाठी, तर मायेपोटी.

त्यानंतर एका माणसानं खरा प्रश्न विचारला. "ज्यांनी भाऊच्या हातात रोख दिलीय, महिन्याच्या व्याजावर, त्यांचं काय?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढं झालो. "त्यांना त्या निधीतून काही मिळणार नाही. व्याजाची हमी घेऊन हातात दिलेला पैसा हा शेअर बाजारातला व्यवहारच नव्हे. त्यांच्यासाठी आपल्या राज्याचा ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यात आरोपीची मालमत्ता जप्त होते, कोर्टाच्या हुकमानं विकली जाते आणि पैसे वाटले जातात. पण मालमत्ता सापडली तर. आणि तुम्ही तक्रार दिली तर."

रोख देणारे थोडेच होते. एकेक करून ते आले, जबाब दिले. त्यांच्याकडूनच कळलं की सगळ्यांत मोठी रोकड गंगापूरकडच्या एका मावशींची आहे. मेंढरंवाल्या. रस्त्यात जमीन गेली, त्याचा मोबदला आला आणि तो त्यांनी बँकेतून काढून भाऊच्या हातात ठेवला. त्या मात्र आल्या नव्हत्या. मुलगा वाळूजला कंपनीत रोजंदारीवर होता. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "साहेब, आई ऐकत नाय. तुम्हीच बोलवा."

बोलावलं. आल्या. सत्तरीच्या आसपास, ताठ कण्याच्या, कपाळावर आडवं कुंकू, खांद्यावर घोंगडीची घडी. खुर्ची दिली तर तिच्या अगदी कडेवर बसल्या.

"मावशी, तुमचे पैसे गेलेत. तक्रार लिहून घेऊ का?"

"नाय. महं काय म्हणणं नाय."

"कामून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"तेचा बाप दरसाली आमच्या मेंढरायला वावर द्यायचा. सुगी झाली की आमचा वाडा तेच्याच वावरात बसायचा. मेंढरं बसली की वावराला खत व्हतं, अन् तो आमाला ज्वारी द्यायचा. दुस्काळात लोकायनी आमाला हाकलून दिलं, तेनं नाय हाकललं. अन् ह्ये लेकरू, भाऊ, ह्ये मह्या मेंढीचं दूध पिऊन मोठं झालंय. तेच्यावर कागुद करू?"

मेंढ्यांचा वाडा म्हणजे शेतात रात्रीपुरता मेंढ्यांचा तळ, हे आमच्या शहरातल्या मुलांना आता सांगावं लागतं. पण त्या तळावर दोन घराण्यांचं पिढ्यांचं नातं जमतं, हे मलाही त्या दिवशीच कळलं.

मग त्यांनी विचारलं, "सायब, तुमच्यात मानसाला मारत्यात का?"

"नाही मावशी. इथं नाही मारत."

"खरं सांगा."

"खरं सांगतो."

तेवढ्यात माझी जेवायची वेळ झाली. मलाही बऱ्याच वर्षांपासून साखर. मी कपाटातल्या थंड पिशवीतून इन्सुलिनचं पेन काढलं आणि बाजूच्या खोलीत जायला उठलो. मावशींची नजर त्या पेनवर खिळली.

"सायब, ह्ये सुईचं औषद उन्हात ऱ्हातं का? वावरात? नासत नाय ना?"

"नासतं. फ्रीज नसेल तर मातीच्या माठात ठेवायचं. माठाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि माठ सावलीत ठेवायचा. औषधाला पाणी लागू द्यायचं नाही."

त्यांनी मान हलवत ते मनात पाठ केलं. मी सहज विचारलं, "तुम्हाला साखर आहे का?"

"मला कशाची साखर!"

"मग मुलाला?"

मावशी एकदम उठल्या. "जीप जाईल मही. येते."

त्या गेल्या. मॅडम दारातच उभ्या होत्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत, खासगी गाडीनं निघालो. मी, मॅडम आणि आमचे हवालदार. हवालदार मूळचे सिल्लोडचे, मुसलमान, मराठी आणि दखनी एकाच वाक्यात बोलणारे आणि माणूस ओळखण्यात पक्के. गावाच्या बाहेर कापूस वेचून झालेल्या एका वावरात मेंढ्यांचा तळ होता. दोन कुत्री भुंकत अंगावर आली. लांबवर एक माणूस घोंगडी पांघरून, हातात काठी घेऊन एका कोकराच्या मागं धावत होता. कोकरू त्याला चकवत होतं. माणूस अडखळला, पडता पडता सावरला. त्याच्या घोंगडीखालून इस्त्रीची पँट दिसत होती.

हवालदार डोळे बारीक करून बघत राहिले आणि म्हणाले, "साब, वो देखो. ब्रोकर मेंढ्या राखतंय!"

मला हसू आलं, खरं सांगतो. तपासात हसू येण्याचे प्रसंग फार नसतात.

भाऊनं आम्हाला पाहिलं. पळाला नाही. काठी खाली ठेवली आणि चालत पुढं आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "साहेब, मी येतो. मावशीला काही करू नका. तिला कायदा कळत नाही."

मावशी चुलीपाशी होत्या. त्या उठल्या नाहीत. तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाल्या, "तेला जेवू द्या. मग न्या. म्या तेला आनणारच व्हते. आधी बघून आले, मारता का नाय ते."

पळसाच्या सावलीत एक माठ होता, ओलं फडकं गुंडाळलेला. आम्ही पंच बोलावले, पंचनामा केला. मग भाऊ जेवला. हवालदारांनी आणि मीही मावशींच्या हातची भाकर खाल्ली. आरोपीबरोबर एका पंगतीला बसलो, हे वरिष्ठांना सांगितलं तेव्हा ते नुसते हसले.

मावशींवर आरोपीला आश्रय दिल्याचा गुन्हा नोंदवायचा का, हा प्रश्न आलाच. मी जे घडलं ते सगळं जसंच्या तसं लिहून वरिष्ठांपुढं ठेवलं. सरकारी वकिलांचा सल्ला घेतला. आजारी माणसाला चार घास घालणं आणि त्याला स्वतःच पोलिसांकडे आणायचं ठरवणं, यात लपवण्याचा हेतू दिसत नाही, असं त्यांनी मत दिलं. मावशी साक्षीदार झाल्या.

भाऊला कोर्टानं पोलीस कोठडी दिली. चौकशीच्या खोलीत तो समोर बसला. सौद्यांबद्दल त्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पण मालमत्तेचा विषय निघाला की तुटक उत्तरं. घर कर्जात, गाडी कर्जात, बाकी काही नाही. हेच तीनतीनदा.

खोटं बोलणारा माणूस बहुधा जास्त बोलतो. भाऊ कमी बोलत होता. म्हणजे त्याच्या आत काहीतरी अडलं होतं. मी आवाज चढवला नाही. विचारलं, "मावशींकडे का गेलात?"

तो म्हणाला, "जिथं कुणी मला शेअरचा भाव विचारणार नाही, अशी एकच जागा मला माहीत होती. पोचलो त्या दिवशीच सांगून टाकलं, मावशी, तुझे पैसे गेले. मला वाटलं, ती काठी घेईल. ती म्हणाली, आधी जेव."

"मग?"

"जेवलो. आणि दुसऱ्या दिवसापासून ती मला एकदाही पैशांबद्दल बोलली नाही. साहेब, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी त्याला सरळ हिशेब सांगितला. "गुरुजींसारख्या ज्यांनी चेकनं पैसे भरले, त्यांना बाजाराचा निधी देईल. त्यांनी दावे केले तर. शेअर ज्यांचे त्यांच्याकडे आहेत. उरलं कोण, तुम्हीच सांगा."

तो खाली बघत म्हणाला, "मावशी."

"मावशी आणि तिच्यासारखे. त्यांना फक्त तुमच्या मालमत्तेतून मिळेल. आणि तुम्ही म्हणता, मालमत्ता नाही."

त्या दिवशी एवढ्यावरच चौकशी थांबवली. माणूस विचार करत असताना त्याला प्रश्न विचारू नयेत, हे मी एका जुन्या फौजदारांकडून शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आल्या. सोबत फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा. नियमाप्रमाणे डबा तपासला, मॅडमनी एक घास खाऊन पाहिला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर तिखट आहे असं जाहीर केलं. मी भेटीची परवानगी दिली. आम्ही तिथंच बसलो होतो.

मावशी भाऊच्या समोर जमिनीवर बसल्या. खुर्ची नको म्हणाल्या. भाऊही खुर्चीवरून उतरून खाली बसला.

"जेव," त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "एक इचारायला आले. ह्ये सायब म्हनत्यात तक्रार दे. महा ल्योक म्हनतो दे. म्या म्हनलं, तेलाच इचारते. तुह्यावर कागुद करू का नको? तूच सांग."

भाऊच्या हातात घास होता. तो तसाच राहिला. माझ्या नोकरीत कोणत्याही फिर्यादीनं आरोपीची परवानगी मागितलेली मी पाहिली नव्हती. भाऊचा चेहरा आधी लाल झाला आणि मग तो लहान मुलासारखा रडायला लागला. मावशींनी पदरानं त्याचं तोंड पुसलं, जसं जेवणाऱ्या लेकराचं पुसतात.

"दे मावशी," तो म्हणाला. "आजच दे. सगळं सांग, काही ठेवू नको." आणि मग माझ्याकडे वळून, "साहेब, लिहून घ्या. सिल्लोडला एक गोदाम आहे. मक्याच्या व्यापाऱ्याला भाड्यानं दिलंय. कागद मेहुण्याच्या नावावर आहेत, पैसे माझे. लोकांच्याच पैशांतून घेतलंय. पोरांसाठी राहील म्हणून बोललो नव्हतो."

हवालदार ताडकन उठले. "साब, मैं जानतंय वो गोदाम. बाजार समितीच्या मागं. मोठं आहे."

तपासाला तिथून वाट मिळाली. मेहुण्याचा जबाब घेतला, बँकेच्या नोंदी जुळल्या, गोदाम जप्तीचा प्रस्ताव गेला. भाऊनं आणखी एक काम केलं, जे आमच्या कोणत्याही नोटिशीनं झालं नसतं. त्याला तपासासाठी त्याच्या ऑफिसमध्ये नेलं होतं. बातमी कळून लोक जमले. त्यानं मला विचारलं, "दोन शब्द बोलू?" मी हो म्हणालो.

तो पायरीवर उभा राहिला, दोन्ही बाजूंना आमचे शिपाई. म्हणाला, "माझ्यासाठी थांबू नका. तुमचे पैसे मी वापरलेत. मी परत देऊ शकत नाही. बाजाराकडे दावे करा, मुदत संपायच्या आत. माझ्यावर डाग लागेल म्हणून थांबलेले असाल, तर डाग लागलाच आहे."

गुरुजी, जे पहिल्या दिवसापासून सगळ्यांत जास्त तापलेले होते, पुढं आले. मला वाटलं, हात उचलतात की काय. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे आधी बोलला असतास तर माझ्या घरी लपवलं असतं तुला." लोक हसले, भाऊही रडता रडता हसला.

त्यानंतर गुरुजींनी आपल्या दिवाणखान्यातच दाव्यांचं कार्यालय उघडलं. ज्यांना अर्ज भरता येत नव्हता त्यांचे अर्ज भरून देत. पुढं छाननी होऊन बहुतेकांना निधीतून पैसे मिळाले. ज्यांची रक्कम मर्यादेबाहेर होती त्यांना मर्यादेइतकी मिळाली. दोघातिघांनी कागद जपले नव्हते, त्यांचे दावे अडकले. गुरुजींचे पैसे आले त्या दिवशी ते पेढे घेऊन कार्यालयात आले, पण खाता खाता थांबले.

"साहेब, मला मिळाले. मावशीला का नाही? भाऊनं पैसे दोघांचेही खाल्ले."

"तुम्ही पैसे बाजारात भरले, गुरुजी. मावशींनी माणसाला दिले."

"म्हणजे ज्यानं जास्त विश्वास ठेवला, त्याला कमी संरक्षण?"

कायद्याचं उत्तर होतं, ते मी दिलं. पण ते ऐकून गुरुजींचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. उरलेले पेढे त्यांनी मावशींसाठी बांधून ठेवायला सांगितले.

गोदामाच्या लिलावाला बराच काळ लागला. हरकती आल्या, तारखा पडल्या. शेवटी विशेष न्यायालयाच्या हुकमानं ते विकलं गेलं आणि रोख देणाऱ्यांना वाटणी झाली. मावशींच्या वाट्याला त्यांच्या रकमेच्या निम्म्याहून थोडं जास्त आलं. या वेळी मॅडम स्वतः त्यांना बँकेत घेऊन गेल्या. त्या पैशांत मावशींनी गावाजवळ एक छोटं वावर घेतलं, गेलेल्या जमिनीपेक्षा बरंच लहान, पण विहिरीला पाणी असलेलं. मेंढ्या आता स्वतःच्या वावरात बसतात, असं त्यांनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

खटला उभा राहिला तोवर मी निवृत्तीला टेकलो होतो. मावशींची साक्ष होती, त्या दिवशी मीही कोर्टात होतो. सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीला ओळखता का?"

"वळखते की. मह्या हातची भाकर खाऊन मोठा झालाय."

मग आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणी सुरू केली. हुशार माणूस. आवाज मऊ करून विचारलं, "आजी, तुमचा याच्यावर राग आहे का?"

"नाय."

"हा तुमच्या मुलासारखा, असंच ना?"

"व्हय."

"म्हणजे तुम्ही मायेनं पैसे दिले. मायेनं दिलेल्या पैशाला फसवणूक कशी म्हणायची? यानं तुम्हाला फसवलं नाही, असं म्हणू ना मी?"

मावशींनी पिंजऱ्यात उभ्या असलेल्या भाऊकडे पाहिलं. मला धाकधूक होती. आता त्या "नाय फसवलं" म्हणाल्या असत्या तर खटल्याचा कणाच मोडला असता, आणि त्यांच्यासारख्या इतरांचंही नुकसान झालं असतं.

"वकीलसायब," त्या शांतपणे म्हणाल्या, "मायेनं दिले, ह्ये खरं. तेनं मला फसवलं, ह्ये बी खरं. मह्या लेकरावाणी हाय, अन् फसवलं बी मलाच. तुम्ही एकच कामून लिवता? दोन्ही लिवा."

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग लघुलेखकाला सांगून ती दोन्ही वाक्यं जशीच्या तशी साक्षीत लिहून घेतली. भाऊ मान खाली घालून उभा होता. त्याचे वकील कागद गोळा करून खाली बसले. पुढं त्याला शिक्षा झाली आणि त्यानं अपील केलं नाही.

मी आता ओळखीच्या लोकांना सांगत असतो. पैसे गुंतवायचे तर चेकनं, नाहीतर बँकेतून थेट पेढीच्या ग्राहक खात्यात. पावत्या जपा, डीमॅटचं स्टेटमेंट स्वतः बघा, हातात रोख देऊ नका, समोर कितीही जवळचा माणूस असो. कायदा तुमच्या रोकडीचं रक्षण करतो, पण ती योग्य दारातून आत गेली असेल तरच. लोक ऐकतात, मान हलवतात. काही जण तसं करतातही.

पण या प्रकरणानं मला शिकवलेली गोष्ट वेगळी आहे. उभ्या नोकरीत शेकडो जबाब घेतले. प्रत्येक वेळी मी समोरच्या माणसाला एका बाजूला उभं करायचो. तुम्ही याच्या बाजूचे की विरुद्ध? ओळखता की नाही? राग आहे की नाही? जबाब सोपा व्हायचा, पण माणूस त्यात पुरा मावायचा नाही. ज्यांना घराकडं, शेजाराकडं बघून तक्रार द्यायचा धीर होत नव्हता, ते माझ्याच प्रश्नांमुळे परत गेले असतील. मावशींच्या साक्षीनंतर माझ्या नोकरीचे थोडेच महिने उरले होते. त्यात जे जबाब घेतले, त्यांत मी फिर्यादीला आधी सांगत होतो, "तुमची त्या माणसावर माया असेल तर तीही सांगा. ती लिहून घेतो. आणि मग काय झालं तेही सांगा." लोक दचकून माझ्याकडे बघायचे. आणि मग मोकळेपणानं बोलायला लागायचे.